खंडस्फुटित : गावचे देऊळ, गावचे चर्च आणि दुरुस्तीचा विसरलेला अर्थ

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आज मराठवाड्यातल्या गावोगाव ज्या अर्थाने चालतो, तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. आज जीर्णोद्धार म्हटले की जुने देऊळ उतरवायचे, वर्गणी गोळा करायची, सिमेंटच्या स्लॅबवर रंगीत शिखर उभारायचे आणि कलशारोहणाला सप्ताह बसवायचा, असा क्रम डोळ्यांपुढे येतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील शिलालेख वाचणाऱ्याला मात्र हा शब्द एका निराळ्या सोबतीत भेटतो. देवळाला जमीन किंवा कराचे उत्पन्न दान देताना ते कशासाठी, हे सांगणारी एक ठरीव शब्दावली या लेखांतून पुन्हा पुन्हा येते : अंगभोग, रंगभोग आणि खंडस्फुटित जीर्णोद्धार. अंगभोग म्हणजे देवाचे स्नान, गंध, फूल, वस्त्र, नैवेद्य. रंगभोग म्हणजे देवापुढचे गायन, वादन, नृत्य. खंडस्फुटित म्हणजे जे तुटले आहे आणि जे तडकले आहे ते. तुटले-तडकले ते वेळच्या वेळी सावरून घेणे, एवढाच त्या काळच्या जीर्णोद्धाराचा आशय होता. देवाच्या रोजच्या नैवेद्याइतकेच ते नेमाचे काम धरले जाई आणि त्याची तरतूद देवळाच्या दानपत्रातच असे.

हा अर्थ कसा हरवला आणि तो हरवल्याने आपले काय गेले, हे पाहण्यासाठी या लेखात दोन ठिकाणच्या वास्तू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक नांदेड-लातूर पट्ट्यातले मध्ययुगीन देऊळ. दुसरे त्याच शतकांत इंग्लंडच्या खेड्यांत उभे राहिलेले गावचर्च, म्हणजे ‘पॅरिश चर्च’. धर्म वेगळा, हवामान वेगळे, बांधणीचे तत्त्वही वेगळे. तरी गाव, जमीन आणि देवाचे घर यांची गाठ दोन्हीकडे सारखीच आहे. पुढे ती सुटली कशी, याची कहाणीही पुष्कळ अंशी सारखी आहे.

हेमाडपंतीच्या आधीचे हेमाडपंती

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगण आणि विदर्भ जिथे जवळ येतात, तिथे हिमायतनगर आहे. कागदोपत्री हिमायतनगर, पण ग्रामदैवताचे नाव घेताना लोकांच्या तोंडी अजून जुनेच नाव येते : वाढोण्याचा परमेश्वर. महाशिवरात्रीला त्याची यात्रा भरते. सरकारदरबारी गावाचे नाव बदलले तरी देवाच्या नावाआडून जुने नाव टिकून राहिले. देऊळ हे गावाचे दफ्तर असते, याचा हा अगदी साधा दाखला. देवळाचे बांधकाम ज्याला वाचता येते, त्याच्यापुढे या दफ्तराची आणखी बरीच पाने उघडतात.

दक्षिणेकडे देगलूर तालुक्यात होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर आहे. लातूरकडे वळलो की निलंग्याचे नीलकंठेश्वर आणि रेणापूर तालुक्यातील पानगावचे विठ्ठल मंदिर लागते. ही सारी देवळे आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. ज्याला हेमाडपंती म्हणतात ती बांधणी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा. नांदेड-लातूरचा मुलूख तर कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, अगदी अंगणातला. इथल्या मोठ्या देवळांवर चालुक्यांच्या कारागिरांची छाप आहे. त्याही आधीचे राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे लातूर असे मानले जाते. कंधारला त्यांनी नगर वसवले आणि तिथल्या तलावाला अजून जगत्तुंग सागर म्हणतात.

या देवळांची बांधणी थोडक्यात अशी. खाली उंच जोते, त्यावर कोनाकोनांनी मोडत जाणारी भिंत, वर शिखर. आत शिरताना आधी सभामंडप, मग अरुंद अंतराळ, मग अंधारा गाभारा. निलंग्याला एकाच सभामंडपाला तीन बाजूंनी तीन गाभारे जोडलेले आहेत. सभामंडपाच्या मधोमध चार खांबांच्या चौकोनात किंचित उंच गुळगुळीत दगड असतो, ती रंगशिळा. दानपत्रातला ‘रंगभोग’ इथे होत असे.

कमान या कारागिरांनी वापरली नाही. खांबावर तुळई, तुळईवर दगडी फरशा, असा सारा उभ्या-आडव्याचा हिशेब. मोठी जागा झाकायची तर चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवून आत लहान चौकोन करायचा, त्यावर पुन्हा तिरपे दगड, असे करत छत मिटवत न्यायचे. दगडांच्या सांध्यात चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि बाकी काम वजनाचे. वरचा दगड खालच्याला दाबून धरतो, म्हणून देऊळ उभे राहते.

ही बांधणी भक्कम आहे, पण तिची एक अट आहे. पाणी आत जाता कामा नये. दगडांवर घातलेला विटांचा आणि चुन्याचा थर फुटला, की पाणी सांध्यात उतरते, त्यामागून माती जाते, पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे नाहीतर उंबराचे बी तिथे रुजते. मूळ बोटाएवढे जाड झाले की ते दगड हलवू लागते. आणि ज्या रचनेत सगळे वजनावर तोललेले, तिथे एक दगड सरकला की शेजारचा मोकळा होतो. मराठवाड्यातल्या अनेक देवळांची शिखरे विटांची होती. ती आधी गेली आणि खालची दगडी अंगे उघडी पडली. म्हणूनच ‘खंडस्फुटित’ हा शब्द नेमका आहे. रोप बोटभर असताना उपटले तर एका माणसाचे, घटकाभराचे काम. ते राहून गेले की शंभर वर्षांनी समिती नेमावी लागते.

इंग्लंडचे गावचर्च

आता दुसरी वास्तू. होट्टलच्या देवळाच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरल्या जात होत्या, त्याच सुमारास इंग्लंडमध्ये गावोगाव दगडी चर्च उभी राहत होती. वेल्सच्या सीमेजवळच्या किलपेक गावचे चर्च साधारण ११४० च्या आसपासचे. त्याच्या दारावर वेली आणि साप गुंफलेले आहेत आणि छपराखाली ओळीने कोरलेली माणसांची, जनावरांची, राक्षसांची तोंडे आहेत. आपल्याकडच्या कीर्तिमुखांची ओळख असलेल्या माणसाला तिथे फारसे परके वाटणार नाही.

या चर्चचे दोन मुख्य भाग. पश्चिमेकडचा लांबट दालनासारखा भाग ‘नेव्ह’, तो गावकऱ्यांचा. पूर्वेकडचा लहान भाग ‘चॅन्सेल’, तिथे वेदी आणि धर्मगुरू. दोहोंच्या मध्ये लाकडी जाळीदार पडदा असे. बहुधा पश्चिम टोकाला घंटेचा मनोरा. सभामंडप आणि गाभारा हीच जोडी, फक्त दिशा उलटी. आपल्याकडे बहुतेक देव पूर्वेकडे तोंड करून बसतो आणि भक्त पश्चिमेकडे पाहतो. तिथे भक्त उगवतीकडे तोंड करून उभा राहतो. नेव्ह निव्वळ प्रार्थनेपुरती नव्हती. गावाच्या बैठका, चर्चसाठी पैसे उभारण्याचे मेजवानीचे कार्यक्रम, हे तिथेच होत. मंदिराचा सभामंडप म्हणजे कीर्तनाची, निवाड्याची, वाटसरूच्या मुक्कामाची जागा, हे आपल्याला ठाऊकच आहे.

बांधणी मात्र कमानीची. बाराव्या शतकात अर्धवर्तुळाकार कमान, पुढे टोकदार कमान, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उंच खिडक्या आणि उभ्या रेषांची शैली. एकाच चर्चमध्ये एका बाजूचे खांब बाराव्या शतकातले, समोरच्या बाजूचे तेराव्यातले आणि मनोरा पंधराव्यातला, असे सर्रास दिसते. गावात लोकरीचा पैसा आला की दालन रुंद झाले. १३४८-४९ च्या प्लेगने गावे ओस पडली की काही ठिकाणी काम अर्ध्यावर थांबले. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत भिंतींवरची चित्रे पांढऱ्या रंगाखाली गेली. इमारतीने हे सारे अंगावर जपले. थॉमस रिकमन या अभ्यासकाने १८१७ मध्ये या शैलींची कालानुक्रमे विभागणी करून नावे दिली, तेव्हापासून भिंतीकडे पाहून गावाचा इतिहास वाचणे हा इंग्लंडमध्ये अनेकांचा छंदच झाला.

आपल्याकडे असा थरांचा दाखला हवा असेल तर औंढा नागनाथकडे पाहावे. खाली कोरीव मूर्तींच्या पट्ट्यांचे काळ्या दगडाचे अंग, वर नंतरच्या काळातले पांढरे शिखर. नाक मुरडणारे म्हणतात की खालचे तेवढे खरे. पण वरचा भागही इतिहासच आहे. खालचे मोडल्यावर कुणीतरी देवाला उघड्यावर ठेवले नाही, त्या काळी जे साधले त्या साधनांनी छत्र उभारले, ही गोष्ट तो पांढरा भाग सांगतो.

खर्च कुणी करायचा

इमारत टिकते ती मजबुतीपेक्षा जबाबदारीमुळे. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापर्यंत एक वाटणी पक्की झाली : चॅन्सेलची दुरुस्ती चर्चच्या जमिनीचे आणि दशमांशाचे उत्पन्न खाणाऱ्या ‘रेक्टर’ने करायची, नेव्हची दुरुस्ती गावकऱ्यांनी. गावकऱ्यांच्या वतीने ‘चर्चवॉर्डन’ नेमले जात. छपराला किती शिसे लागले, घंटेच्या दोराला किती पैसे पडले, असे हिशेब ते लिहीत. त्यांतल्या काही गावांच्या मध्ययुगीन वह्या आजही शाबूत आहेत. जमिनीला चिकटलेली ही जबाबदारी किती चिवट असावी? वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या चर्चचा वाद २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि त्या जुन्या जमिनीच्या आजच्या मालकांवर चॅन्सेलच्या दुरुस्तीचा खर्च बसतो, असा निर्णय झाला. मध्ययुगात जमिनीवर ठेवलेला बोजा एकविसाव्या शतकात वसूल झाला.

आपल्याकडची व्यवस्था याहून कच्ची नव्हती. दानपत्रात जमिनीच्या चतुःसीमा सांगितलेल्या असत. दान कुणाच्या हाती सोपवले, कशासाठी, हे लिहिलेले असे. शेवटी शापवचन असे, की हे दान हिरावून घेणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन राहील. त्या काळी कोर्टाचा हुकूम जे काम करतो, तेच काम हा शाप करत होता. पुढे निजामी अमलातही मराठवाड्यात देवळे, मशिदी, दर्गे यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी होत्या. ‘खिदमतमाश’ हे त्यांचे नाव अजून सातबाऱ्यांच्या तंट्यांत ऐकू येते. खिदमत म्हणजे सेवा. जमीन कसणाऱ्याने दिवा लावायचा, झाडलोट करायची, पडझड पाहायची. जमिनीचा वाद आजही चालतो. सेवेत दुरुस्तीही येत होती, ही आठवण मात्र कुणी काढत नाही. उत्पन्न आणि जबाबदारी यांची फारकत झाली, तिथे खंडस्फुटिताला वाली उरला नाही. त्यानंतरच ‘जीर्णोद्धार’ हा वर्षानुवर्षांचा नेम न राहता एकदाच करायचा सोहळा झाला.

खरवडणाऱ्यांच्या विरुद्ध

दुरुस्तीच्या नावाखाली मोडतोड हा रोग इंग्लंडलाही जडला होता. १८३९ मध्ये केंब्रिजला स्थापन झालेल्या एका संस्थेने चर्चवास्तूचा अभ्यास लोकप्रिय केला आणि चौदाव्या शतकाच्या आसपासची शैली हीच शुद्ध, असा आग्रह धरला. मग ‘मूळ रूपात आणण्या’ची लाट आली. नंतरच्या काळातल्या खिडक्या काढून ‘शुद्ध’ खिडक्या बसल्या, भिंतींचा जुना गिलावा खरवडून दगड उघडे केले, झिजलेले कोरीव काम तासून नवे केले. हे करणारे लोक भाविक होते, अभ्यासू होते, पैसेही खर्चत होते. म्हणूनच त्यांना थांबवणे कठीण होते.

याच चळवळीचे एक अपत्य आपल्या मुंबईत आहे. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. हेन्री कॉनिबेअरने त्याचा आराखडा केला. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचे ते स्मारक. टोकदार कमानी, पूर्वेकडची वेदी, उंच निमुळता मनोरा : मध्ययुगीन इंग्रजी गावचर्चचा नमुना स्थानिक दगडात उतरवलेला. या इमारतीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ती नवी होती आणि जुन्या धाटणीची होती. तिच्यासाठी जुने काही पाडले नव्हते. हाच हात खऱ्या जुन्या इमारतीवर फिरला की मात्र गोष्ट बदलते. तिथे नवे काम जुन्याचे सोंग घेते आणि अस्सल जुने ढिगाऱ्यात जाते.

१८७७ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने या प्रकाराविरुद्ध प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. खरवडण्याला विरोध, म्हणून तिचे टोपणनावच ‘अँटी-स्क्रेप’ पडले. मॉरिसचे म्हणणे साधे होते : इमारत मागच्या कुठल्याही काळात परत नेता येत नाही, रोजच्या देखभालीने पडझड थोपवावी, गळते ते झाकावे, कलते त्याला टेकू द्यावा, आणि टेकू हा टेकूच दिसू द्यावा. चालुक्यांच्या लेखनिकांनी सातशे-आठशे वर्षे आधी दोन शब्दांत बसवलेली गोष्ट ती हीच.

आज आपल्या देवळात

आता गावात परत येऊ. जुन्या देवळाला धक्का देणाऱ्या गोष्टी फार मोठ्या नसतात आणि वाईट हेतूने तर कुणीच करत नाही. गाभाऱ्यात फरशी बसते; जमीन चार बोटे वर येते आणि उंबऱ्यापुढची कोरीव चंद्रशिला तिच्याखाली गाडली जाते. अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे मकरमुख बुजते, मग ते पाणी जोत्यात मुरू लागते. खांबांना ऑइलपेंट लागतो. दगडातला ओलावा आतच कोंडतो आणि काही वर्षांत पोपडे निघताना कोरीवकामाची धारही घेऊन जातात. सांध्यांत सिमेंट भरले की हलण्यासाठी ठेवलेली जागा कडक होते आणि दगडच तडकतो. सप्तमातृकांना शेंदराचे थर चढतात, मग त्यांच्यातली कोणती कोण हे ओळखता येत नाही. वीरगळ आणि शिलालेखाचा दगड ओट्याच्या बांधकामात उलटा बसतो, कारण त्याची मागची बाजू सपाट असते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. देऊळ हे वस्तुसंग्रहालय नव्हे. तिथे रोज दिवा लागतो, पावसाळ्यात लोक भिजतात, यात्रेला गर्दी मावत नाही. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर लातूरकडच्या माणसाने दगडापेक्षा सिमेंटवर भरवसा ठेवला तर त्याला दोष देता येणार नाही. आणि पूजा थांबलेले देऊळ तर अधिक लवकर पडते. इंग्लंडमध्ये आज हीच अडचण आहे. प्रार्थनेला माणसेच उरली नाहीत अशी साडेतीनशेहून अधिक जुनी चर्चे एका खास न्यासाला सांभाळावी लागतात. त्या न्यासाची सुरुवात १९६९ ची. त्यांच्याकडे नोंदी आहेत, भक्त नाहीत. आपल्याकडे भक्त आहेत, नोंदी नाहीत. या दोन दारिद्र्यांपैकी आपले दूर करणे पुष्कळ सोपे आहे.

नोंदींची सुरुवात आपल्याकडेही झालेली होती. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही त्या दृष्टीने विलक्षण वस्तू आहे. चक्रधरस्वामींचे वास्तव्य जिथे जिथे झाले ती स्थाने कळावीत, म्हणून देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कुठे, याची वर्णने तिच्यात केली आहेत. मराठीत वास्तूची नोंद ठेवण्याची परंपरा इतकी जुनी आहे. इंग्रजी अमदानीत हेन्री कझिन्सने निजामाच्या मुलखातल्या प्राचीन अवशेषांची यादी १९०० मध्ये प्रसिद्ध केली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने गुलाम याझदानींच्या नेतृत्वाखाली स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले. पुढे डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या मंदिरांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. पण यादीत न आलेली, कायद्याने ‘संरक्षित’ नसलेली देवळे गावोगाव आहेत, आणि ती राखणे हे खात्याच्या नव्हे, गावाच्याच हाती आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. देवस्थानच्या कपाटात वर्गणीच्या वहीशेजारी एक दुसरी वही असावी. दर वर्षी मृगाआधी कुणीतरी छतावर चढावे, रोपे उपटावीत, पाण्याची वाट मोकळी करावी आणि काय दिसले ते तारखेसह लिहून ठेवावे. काही काढायचेच असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, दगडांवर खडूने आकडे घालावेत, शिलालेखाचा ठसा जाणकाराकडून घेऊन ठेवावा. नवा मंडप हवा तर जुन्याला न टेकता त्याच्या समोर बांधावा. तो नवा आहे हे दिसले तर देवाचा काही अपमान होत नाही. जुना कोरीव दगड नको झाला तरी गावाबाहेर टाकू नये, पारावर उभा करून ठेवावा. उद्या त्याच्यावरची अक्षरे वाचणारा कुणीतरी येईल. कदाचित त्याच अक्षरांत लिहिलेले असेल, की या देवळाची डागडुजी करण्यासाठी अमुक शेत कायमचे दिले आहे, आणि त्या शेताला लोक अजून त्याच नावाने ओळखत असतील.